बॉल सुटला कसा ते सांगा: बेसबॉल गेममधल्या पिचिंगवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की बेसबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये बॅटिंगपेक्षा पिचिंगचे, म्हणजे बॉल टाकायचे, कंट्रोल्स बनवणं कितीतरी अवघड आहे, त्यावर भरपूर पत्रं आली. लिहिणारे बरेच जण क्रिकेटवाले आहेत, बेसबॉल त्यांनी गेममध्येच बघितलाय, त्यामुळे जिथं लागेल तिथं खेळाबद्दलही थोडं सांगतो. पाच पत्रं निवडलीत, आणि पहिल्यावर मी सगळ्यात जास्त जागा खर्च केलीय कारण त्यात बाकीच्यांचीही अर्धी उत्तरं आहेत.

प्रश्न: दादा, मी आणि माझे दोन मित्र इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत, मोबाइलवर छोटासा बेसबॉल गेम करतोय. पिच, म्हणजे बॉल टाकायचा प्रकार, निवडायचा, स्ट्राइक झोनमध्ये बोट ठेवायचं, बोट उचललं की बॉल बरोब्बर तिथंच जातो. हॉस्टेलवरची पोरं दहा मिनिटांत कंटाळली. म्हणून आम्ही थोडी रँडम चूक घातली, म्हणजे बॉल कधीकधी इकडे तिकडे जातो, तर आता कंटाळत नाहीत पण वैतागतात, म्हणतात गेम चीटिंग करतो. काय करायचं? (वाचक, पुणे)

उत्तर: तुमचं निदान बरोबर आहे, औषध चुकलंय. बॉल चुकायलाच हवा, पण तो का चुकला हे खेळणाऱ्याला त्याच क्षणी स्वतःच्या अंगठ्यात कळलं पाहिजे.

जरा पिचरच्या जागी उभा राहून बघ. मातीच्या उंचवट्यावर, म्हणजे माउंडवर, तो उभा आहे, समोर ६० फूट ६ इंचांवर फक्त १७ इंच रुंदीची प्लेट, म्हणजे बॅटरजवळची जमिनीतली पट्टी, आणि तिच्यावर बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत हवेतली एक न दिसणारी चौकट, तोच स्ट्राइक झोन. बॉलला टप्पा नाही, खेळपट्टी खराब असायचा प्रश्न नाही, जे काही करायचं ते हवेतच. आणि त्या चौकटीच्या मधोमध त्याला बॉल टाकायचाच नसतो कारण तिथं टाकला की गेलाच स्टँडमध्ये, त्याला हवी असते कड. कडेपासून एक बॉलभर बाहेर गेला तर बॅटर सोडून देतो, एक बॉलभर आत आला तर फटका बसतो, म्हणजे सगळा खेळ बॉलच्या जाडीएवढ्या जागेत चाललाय, साधारण सात सेंटिमीटर.

आता क्रिकेटमधलं आठव. यॉर्कर टाकायला जातो आणि फुलटॉस पडतो. स्टेडियममध्ये बसलेल्याला वाटतं काय गचाळ बॉल टाकला, पण बॉलरला तो हातातून सुटतानाच कळलेलं असतं, बॅट लागायच्या आधीच त्याचा चेहरा पडलेला असतो. तुमच्या गेममध्ये तो चेहरा पडायचा क्षणच नाहीये. पहिल्या आवृत्तीत चूकच नव्हती, दुसरीत चूक आहे पण ती फोनने केलीय.

मी एका छोट्या टीममध्ये असताना आम्हीही हेच केलं होतं. पिचरचा कंट्रोलचा आकडा बघून कॉम्प्युटर फासा टाकायचा आणि बॉल तेवढा भरकटायचा. टेस्टिंगला एक कॉलेजचा मुलगा आला होता. शेवटची इनिंग (बेसबॉलच्या मॅचमध्ये अशा नऊ असतात, आणि तीन आउट झाले की टीमची पाळी संपते), दोन आउट, तिन्ही बेसवर रनर, आणि त्यानं खूप विचार करून खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात स्लायडर, म्हणजे शेवटी बाजूला वळणारा बॉल, लावला. बॉल आला मधोमध, होमरन, म्हणजे आपल्याकडचा सिक्सर. त्यानं कंट्रोलर आपटला वगैरे नाही, हळूच मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "माझं काय चुकलं?" आणि मला उत्तर देता येईना, कारण त्याचं काहीच चुकलं नव्हतं. दोन आठवड्यांनी आम्ही चुकीचं माप तेवढंच ठेवलं, फक्त ती बॉल सोडायच्या वेळेला बांधली. तोच मुलगा परत आला, परत एक बॉल मधे पडला, परत होमरन, आणि ह्या वेळेस तो आपणहूनच म्हणाला, "च्, लवकर सोडला." आणि लगेच पुढचा बॉल टाकायला घेतला. आकडे तेच, मार तोच, पण आता तो त्याचा मार होता.

तर चूक कुठून आणायची? खऱ्या पिचरच्या हातातूनच आण, तिथं भरपूर आहे. बॉल लवकर सुटला तर तो वर जातो, उशिरा सुटला तर खाली मातीत जातो. नको तेवढी ताकद लावली की वेग मिळतो पण दिशा हातातून जाते. कर्व्हबॉलला पुरेशी फिरकी दिली नाही तर तो खाली पडतच नाही, मधेच तरंगत राहतो, त्याला तिकडे हँगिंग कर्व्हबॉल म्हणतात आणि बॅटर त्याचीच वाट बघत असतात. म्हणजे प्रत्येक चुकीला स्वतःचा चेहरा आहे. तुमच्या गेममध्ये पण लवकर सोडला तर नेहमी वरच जाऊ दे, कधी डावीकडे कधी उजवीकडे असं करू नका, मग खेळणारा दोन इनिंगमध्ये स्वतःच शिकतो.

हे काही मी नवीन सांगत नाहीये. निन्टेंडोच्या १९८४ च्या गोल्फमध्ये पट्टीवर सरकणारा काटा होता, एकदा दाबून सुरू करायचा, एकदा ताकदीला थांबवायचा, एकदा अचूकपणाला. तीच कल्पना पुढे बेसबॉलमध्ये आली, ईएचा एमव्हीपी बेसबॉल २००५ ज्यांनी खेळलाय त्यांना ती पट्टी अजून आठवत असेल. काटा परत येताना हिरव्या भागावर बटण दाबायचं, आणि नाही जमलं तर आपल्याला बॉल जायच्या आधीच माहीत असायचं की आता काही खरं नाही. ह्याच्या अगदी उलटं नामकोने १९८६ साली फॅमिली स्टेडियममध्ये केलं होतं, तिथं बॉल हातातून सुटल्यावरसुद्धा डी-पॅडने, म्हणजे कंट्रोलरवरच्या दिशेच्या बटणांनी, हवेत डावीउजवीकडे वळवता यायचा. खऱ्या खेळात असं काही नसतं, पण दोघं शेजारी बसून खेळताना शेवटपर्यंत चकवाचकवी चालते आणि चूक शंभर टक्के तुमचीच, म्हणून तो प्रकार मला आजही आवडतो.

मग पिचरचं कौशल्य कुठं दाखवायचं असं विचारशील. फाशात नको, खिडकीत दाखव. चांगल्या पिचरला बॉल सोडायची वेळ जरा जास्त मिळते, कच्च्याला कमी. दमला की खिडकी लहान होते. बेसवर रनर असतील तर काटा थोडा जोरात पळतो, म्हणजे दडपण आकड्यात न दिसता अंगठ्यात जाणवतं. थोडासा फासा उरला तरी चालेल, पण तो एका बॉलच्या जाडीच्या आतच राहू दे आणि किती आहे ते टार्गेटभोवती गोल काढून आधीच दाखवा.

आता फोनचं. झोनवर बोट ठेवू देऊच नका, अंगठ्याखाली सगळा झोन झाकला जातो आणि जिथं बघायचंय तिथंच दिसत नाही. स्क्रीनचा खालचा तिसरा भाग मोकळा ठेवा, तिथं अंगठा हलवला की वरचं टार्गेट हलेल. टाकायला अंगठा खाली ओढायचा, पिचर पाय उचलतो, आणि त्याचा हात डोक्यावरून पुढे येतो त्या क्षणी अंगठा वर फेकायचा. मोजायची ती अंगठा फिरल्याची वेळ आणि वर जातानाची दिशा, बोटाचा वेग मोजायच्या भानगडीत पडू नका, कारण स्क्रीनगार्ड, घाम, फोनचा आकार ह्या सगळ्यावर तो बदलतो. आणि अंतरं पिक्सेलमध्ये लिहू नका, मिलिमीटरमध्ये लिहा, नाहीतर एकाच्या फोनवर जमलेली गोष्ट दुसऱ्याच्या टॅबवर जमणार नाही आणि पोरं परत म्हणतील गेम चीटिंग करतो. "लवकर" "उशिरा" असे शब्द बॉल जाऊन झाल्यावर दाखवा, बॉल हवेत असताना फक्त फोनची एक छोटी थरथर पुरे.

प्रश्न: मी एमएलबी द शो (अमेरिकेच्या मेजर लीगवरचा बेसबॉल गेम) खेळतो, पिनपॉइंट पिचिंग चार महिने घासून शिकलो. आता जवळजवळ प्रत्येक पिच परफेक्ट येतो तरी ऑनलाइन होमरन खातोच. मग एवढं शिकून फायदा काय? गेममध्ये काहीतरी घोळ आहे का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पिनपॉइंट हा प्रकार २०२१ च्या आवृत्तीत आला. प्रत्येक पिचला एक आकृती असते, ती उजव्या स्टिकने गिरवायची, ठरलेल्या लयीत गिरवायची, आणि शेवटी योग्य क्षणी स्टिक सरळ झटकायची. गिरवणं, लय आणि झटका असं तिन्ही जमलं तर बॉल जिथं लावला तिथंच जातो.

घोळ नाहीये मित्रा. तुझा हात परफेक्ट आहे, पण तू बॉल कुठला आणि कधी टाकतोस ते बॅटरला कळलंय. ९५ मैलांचा फास्टबॉल, म्हणजे ताशी साधारण १५३ किलोमीटर, हातातून सुटून प्लेटपर्यंत जवळपास ०.४ सेकंदात पोचतो. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या गेममध्ये ह्या झाल्या २४-२५ फ्रेम. त्याच हालचालीने, पण ८५ मैलांनी टाकलेला चेंजअप घेतो २७-२८. फरक किती, तीन फ्रेम, सेकंदाचा विसावा भाग. एवढ्याशा फरकावर चांगला बॅटर आपटतो, बॅट आधीच फिरून जाते आणि बॉल मागून येतो, आपल्याकडे स्लोअर वनला होतं तसंच. पण हे कधी होतं, तो फास्टबॉलची वाट बघत असतो तेव्हाच. तू कोपऱ्यात एकापाठोपाठ चार सुंदर फास्टबॉल टाकलेस तर चौथ्याला तो कोपऱ्यात आधीच वाट बघत उभा आहे. त्याच्या बाजूलाही तेवढीच मेहनत आहे, पीसीआय म्हणतात ते बॅटिंगचं टार्गेट बॉलवर न्यायचं आणि वेळ साधायची, आणि त्यानं दोन्ही केलं तर तुझ्या परफेक्ट पिचवर त्याला होमरन मिळणं मला योग्यच वाटतं.

तुझी एक तक्रार मात्र मला पटते. पिनपॉइंटमध्ये हात पक्का बसलेला माणूस चुकायचाच बंद होतो, मग कोपरा कायम त्याचाच, आणि सामना नुसता गिरवण्याचा होतो. मी बनवत असतो तर दमलेल्या पिचरच्या आकृतीची लय सावकाश बदलत नेली असती, म्हणजे सवयीने गिरवणारा सातव्या इनिंगमध्ये अडखळला असता आणि बघून गिरवणारा टिकला असता. तोपर्यंत तू एक कर, पुढच्या पाच सामन्यांत एकाच जागेवर लागोपाठ दोनदा तोच पिच टाकायचा नाही असं ठरव आणि मला लिही.

प्रश्न: नमस्कार, आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगा अकरा वर्षांचा, लिटल लीग खेळतो, आणि घरी आल्यावर "आई, चल ना एक मॅच" म्हणून मागे लागतो. मला त्या स्टिकने आकृत्या काढणं जमत नाही, उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालंय त्यामुळे अंगठा पटकन वळत नाही. त्याला हरवायचंच आहे असं नाही, पण बरोबरीने खेळायला आवडेल. आणि दुसरं, एकाच टीव्हीवर खेळताना मी कुठं बॉल लावतेय ते त्याला दिसतं, मग मजाच जाते. (वाचक, एडिसन)

उत्तर: ताई, तुमचा प्रश्न वाचून खूप बरं वाटलं, कारण कंट्रोल्स बनवताना आमच्या डोळ्यासमोर नेहमी तुमच्या मुलासारखा खेळाडू असतो आणि तुमच्यासारखा नसतो, आणि ते चूक आहे.

द शोमध्ये पिचिंगचे वेगवेगळे प्रकार आहेत आणि एकाच मॅचमध्ये दोघांनी दोन वेगळे घेतले तरी चालतं. तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन पल्स निवडा. टार्गेटभोवती एक गोल लहानमोठा होत राहतो, तो सगळ्यात लहान झाला की बटण दाबायचं, बस. स्टिक फक्त टार्गेट हलवायला लागते आणि ती डाव्या हाताची. चूक अजूनही तुमचीच राहते, गोल मोठा असताना दाबलंत तर बॉल भरकटणार, फक्त त्यासाठी मनगट लागत नाही. क्लासिक अजून सोपा आहे, पिच निवडा, जागा निवडा, संपलं, पण त्यात पिचरच्या आकड्यांवर जास्त अवलंबून राहावं लागतं आणि मला वाटतं तुमच्या मुलासमोर तुम्हाला ते लवकरच कंटाळवाणं होईल.

तुमचा टीव्ही गेम मोडवर आहे का तेवढं बघा. नसेल तर चित्र उशिरा दिसतं, गोल लहान झालेला तुम्हाला दिसेपर्यंत गेममध्ये तो परत मोठा झालेला असतो आणि वाटतं आपलाच हात मंद आहे.

एका टीव्हीवरचा प्रश्न फार जुना आहे. स्क्रीनवर टार्गेट दिसलं की शेजारच्याला पण दिसणारच, पिनपॉइंटमध्ये तर आकृती बघून पिच कुठला आहे तेही कळतं. मी जेव्हा असा गेम करत होतो तेव्हा आम्ही टार्गेट काढूनच टाकलं होतं, ते झोनच्या कडेला पोचलं की कंट्रोलर हातात हलकासा थरथरायचा आणि बाहेर गेलं की थांबायचा. पिचरला कळायचं, शेजारच्याला नाही. सुरुवातीला लोक गोंधळले पण अर्ध्या तासात डोळे बॅटरवर ठेवून खेळायला लागले, आणि खरा पिचर तरी कुठं बघत असतो, बॅटरच्या मागे विकेटकीपरसारखा बसलेल्या कॅचरच्या ग्लव्हकडेच ना. तुमच्या गेममध्ये ही सोय नसेल तर मुलाला सांगा, तुम्ही टार्गेट लावत असताना त्यानं डोळे मिटायचे आणि "टाकतेय" म्हटल्यावर उघडायचे. आईने आणि त्याने दोघांनी पाळायचा नियम.

प्रश्न: एका पिचरला किती प्रकारचे पिच द्यावेत? आम्ही बारा दिलेत आणि लोक तीनच वापरतात. (वाचक, नागपूर)

उत्तर: मग तीनच पुरे आहेत की. कंट्रोलरवर अंगठ्याला न बघता सापडणारी बटणं चार-पाच, द शोमध्ये पण एका पिचरला जास्तीत जास्त पाचच पिच असतात. खऱ्या खेळात तर न्यूयॉर्क यांकीजच्या मारियानो रिव्हेराने मुख्यतः एका कटरच्या, म्हणजे शेवटी किंचित बाजूला सरकणाऱ्या वेगवान बॉलच्या, जोरावर ६५२ सेव्ह केले, म्हणजे तेवढ्या मॅचमध्ये शेवटी येऊन टीमची आघाडी टिकवली, आणि २०१३ साली निवृत्त झाला. येतोय कटर हे बॅटरला माहीत असायचं आणि तरी बॅट मोडून परत जायचे.

बटणांऐवजी दुसरा रस्ता बघायचा असेल तर कोनामीची पॉवरफुल प्रो याक्यू मालिका बघा, १९९४ पासून चालू आहे. तिथं ज्या दिशेला बॉल वळवायचा ती दिशा दाबायची. खाली दाबलं की खाली पडणारा, बाजूला दाबलं की बाजूला जाणारा. कुठलं बटण कुठल्या पिचचं हे पाठच करावं लागत नाही. तुमच्या बारा पिचपैकी जे एकाच दिशेला जवळजवळ सारखेच वळतात ते एकत्र करा, बघा किती उरतात.

प्रश्न: तुम्ही म्हणता फासा नको. मग नकलबॉलचं काय करणार? (वाचक, सातारा)

उत्तर: वा, हा प्रश्न मला हवाच होता. बाकी सगळे पिच फिरकीवर चालतात. फास्टबॉलला मागच्या बाजूने फिरकी असते म्हणून तो अपेक्षेपेक्षा कमी पडतो, कर्व्हबॉलला पुढच्या बाजूने असते म्हणून तो जास्त पडतो. नकलबॉलला फिरकी जवळजवळ नसतेच, बोटांच्या टोकांनी किंवा नखांनी धरून तो ढकलल्यासारखा सोडतात, मग शिवणीवरून जाणारी हवा त्याला वाटेल तसं ढकलते आणि तो डगमगत येतो. कुठं जाईल ते पिचरलाही माहीत नसतं, कॅचरलाही नसतं, त्यासाठी कॅचर मोठा ग्लव्ह घालतात. आर. ए. डिकीने ह्याच बॉलवर २०१२ साली साय यंग अवॉर्ड, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचं बक्षीस, घेतलं.

म्हणजे इथं फासा हा खरा आहे, खेळणारा तो स्वतःहून हातात घेतोय. पण तरीही हाताला काम द्या. बॉल नीट सोडला तर फिरकी शून्याजवळ आणि डगमगणं भरपूर, चुकीचा सोडला तर फिरकी लागली आणि मग तो ७० मैलांचा सरळ येणारा मंद बॉल, त्याला कोणीही मारेल. आम्ही तो स्टिकवर असा केला होता की झटका द्यायचाच नाही, स्टिक वर नेऊन तिथंच स्थिर धरायची, जरा हलली की फिरकी लागली. इतर पिचला जोर लावायची सवय लागलेल्या लोकांना हा स्थिरपणा जमायला वेळ लागायचा, पण एकदा जमला की ते दुसरं काही टाकायचेच नाहीत.